चार इंची भिंत

यशोदाबाईंचं कोपर भिंतीवर आपटलं तेव्हा धीरज साटोणे टाइल्सबद्दल बोलत होता. आपटल्यानंतरही तो टाइल्सबद्दल आणखी एक वाक्य बोलला, कारण ते तोंडात तयार होतं आणि तयार माल पडून राहू देणं त्याला आता परवडत नव्हतं. मग तो थांबला. आवाज काही मोठा नव्हता. कोपराचा जेवढा व्हावा तेवढाच. पण त्याच्या पाठोपाठ भिंतीतून दुसरा आवाज आला, रिकाम्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा, आणि धीरज थांबला होता तो या दुसऱ्यामुळे. बाईंनी वावगं काही केलं नव्हतं. सॅम्पल हाऊसच्या स्वयंपाकघरात ओट्यापुढे उभं राहून त्यांनी पदर खोचला आणि हातात काहीही नसताना लंबी रोटी करायला घेतली. सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर झुलवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या उपड्या मटक्यावर टाकायचा, हे ज्याने पाहिलं नाही त्याने वर्धा जिल्ह्यात एकही लग्न धड जेवलेलं नाही. डावा हात मोकळा फिरला, कारण डावीकडे दार होतं. उजव्या हाताला भिंत भेटली.

"लागलं का हो?" धीरजने विचारलं.

"मले नाई लागलं," कोपर चोळत यशोदाबाई म्हणाल्या. "तुमच्या भिंतीले पाहा, तिले लागलं असन."

आतल्या खोलीतून त्यांच्या नवऱ्याचा, तानबाचा आवाज आला. तो घर पाहायला आल्यापासून सॅम्पल बेडरूममधल्या पलंगावर आडवा होता. "बिल्डर साहेब, पलंग भारी हाय तुमचा. बाकीचा कुठी ठेवला?"

पलंग साडेपाच फुटी होता. खोलीत सहा फुटी पलंग ठेवला तर खोली दिसत नाही आणि पलंगच दिसतो, म्हणून धीरजने सुताराकडून तो मुद्दाम तसा करवून घेतला होता. त्याच हिशेबाने सोफा लहान मुलांचा होता आणि भिंतीवरचं घड्याळ मनगटावरच्या घड्याळाहून जरासंच मोठं. आजवर आलेल्या गिऱ्हाइकांपैकी कोणी पलंगावर आडवं झालं नव्हतं. लोक पलंगाकडे पाहत, हळूच हात लावत, आणि भाव ऐकला की हात काढून घेत. तानबा मात्र सेलूकडचा, वांग्या-मेथीच्या मळ्यातला उंच गडी, चपला दाराबाहेर काढून सरळ झोपला होता, आणि त्याच्या पोटऱ्यांपासून पुढचा भाग खिडकीकडे तोंड करून हवेत होता. धीरजने त्या पायांकडे पाहिलं आणि नजर वळवली. देवळात एखादा माणूस मोठ्याने खोकला तर बाकीचे वळवतात, तशी.

खिडकीबाहेर, उन्हात, मामाजी चालत होते. बापूराव हे उज्वलाचे, म्हणजे धीरजच्या बायकोचे, मामा. जमीन त्यांची, बांधकाम धीरजचं, असं ठरलं होतं, आणि योजनेला नाव उज्वला पार्क द्यायचं हे उज्वलाला न विचारता ठरलं होतं. पार्क नकाशात एका कोपऱ्यात होता; पुढे नकाशातच तिथे पाण्याची टाकी आली. आता बापूराव त्याच जागेवर टांगा टाकत जागा मोजत होते. त्यांच्यामागून छत्री धरून एक डेकोरेशनवाला चालत होता. एका ठिकाणी बापूराव थांबले, दोन्ही हात वर करून त्यांनी काहीतरी भव्य दाखवलं आणि डेकोरेशनवाल्याने मान हलवली. ते स्टेज असणार. "जावई," काल रात्रीच्या जेवणात ते म्हणाले होते, "आपल्या वर्ध्यात मानूस घर घ्याले दहा वर्स इचार करते अन् पोरीच्या लग्नासाठी लॉन एका फोनवर बुक करते. तुमी कोनता धंदा करून राह्यले मले सांगा?" उद्या संध्याकाळपर्यंत एक तरी बुकिंग आणा, इसार हातात दाखवा, नाही तर मी हे घर पाडून लॉन टाकतो, इतक्या साध्या शब्दांत मामाजींनी सांगितलं होतं आणि मग आंब्याचा रस आणखी घेतला होता. ती उद्याची संध्याकाळ आता व्हायला आली होती, आणि आजच्या दिवसात आलेलं गिऱ्हाईक एकच होतं. त्यातलं अर्धं पलंगावर मावत नव्हतं आणि अर्धं स्वयंपाकघरात.

भिंत पूर्वी तिथे नव्हती. म्हणजे भिंत होती, पण तिथे नव्हती. पहिल्या नकाशात स्वयंपाकघर असं होतं की आत दोन जावा एकमेकींशी न बोलता दिवसभर वावरू शकल्या असत्या. मग रेतीघाटांचे लिलाव अडकले आणि रेतीचा ट्रक मिळवण्यासाठी माणसाला मुलीचं स्थळ शोधल्यासारखं फिरावं लागू लागलं. धीरज नकाशा काढणाऱ्या वैभवकडे गेला. वैभवने विचारलं, "सर, भाव वाढवायचा का?" भाव वाढवणं शक्य नव्हतं. वर्ध्यातला माणूस घर पाहायला येतो तेव्हा घराला किती द्यायचं ते घरूनच ठरवून येतो, आणि तो आकडा त्याच्या सासऱ्याने ठरवलेला असतो. भाव वाढला की गिऱ्हाईक जातं. घर कमी झालं तर गिऱ्हाइकाला कळत नाही. हे वाक्य धीरजला इतकं आवडलं होतं की त्याने ते घरी जाऊन उज्वलालाही म्हणून दाखवलं होतं. तिने विचारलं होतं, "आणि राहायला गेल्यावर?" तर वैभवने बोटाने भिंत सरकवली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर भिंतीला काही वजन नसतं. ती निमूटपणे सरकली, आवाज न करता. मग लोखंड महागलं, आणि बाल्कनीची खिडकी झाली. मग सिमेंट, आणि देवघर गेलं. देवांसाठी फ्रिजच्या वर एक फळी आली. पुढे आणखी काहीतरी महागलं, ते काय होतं हे धीरजला आता आठवत नव्हतं, फक्त त्या दिवशी वैभव हसला होता आणि म्हणाला होता, "सर, आता एकच भिंत राहिली सरकवायला, ती शेजाऱ्याची आहे." दर वेळी घर थोडं आत येत गेलं, एखादा माणूस थंडीत अंग चोरत जातो तसं, आणि दर वेळी धीरजला वाटत गेलं की आपण महागाईवर मात केली. कोणाला काही कळलं नाही, वैभवला कळलं ते पगारात धरलेलं होतं. कोपराला मात्र एका सेकंदात कळलं.

आणि कोपर काय करू शकतं हे धीरजपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार होतं? आर्वीला, कापसाच्या जिनिंगच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहत तेव्हा, आई लंबी रोटी करायला मागच्या अंगणात बसली की वडील आधी पोरांना हाकलून लांब बसवत. "पोट्टेहो, मांगं सरका, तुमच्या मायनं हात काढले." जणू आईने तलवारी काढल्या होत्या. एकदा धीरज पुढे सरकला, कडेची करपलेली पापडी आधी मिळावी म्हणून, आणि आईचं कोपर त्याच्या नाकावर बसलं. रक्त आलं. आईने एकदा वळून पाहिलं आणि हात थांबवले नाहीत. "रोटी हातावर हाय, बाप्पा," ती म्हणाली. "तुवं रगत थांबते, हे नाई थांबत." नाकाच्या हाडाला एक उंचवटा अजून होता, चष्मा त्याच्यावर चांगला बसत असे. असा माणूस पुढे सिव्हिलचा डिप्लोमा करतो, नागपूरला घरांचं प्रदर्शन पाहायला जातो, आणि तिथल्या चकचकीत माहितीपत्रकावरच्या बाईसाठी स्वयंपाकघर काढतो, हे कसं झालं? ती बाई ढोबळी मिरची कापत होती. तिची दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली होती आणि ती हसत होती. कोशिंबीर करायला कोपरं लागत नाहीत. गेली चार वर्षं धीरज ज्या कुटुंबासाठी घरं बांधत होता ते संध्याकाळी कोशिंबीर खाऊन साडेपाच फुटी पलंगावर झोपणारं होतं. ते कुटुंब वर्ध्यात अजून आलं नव्हतं. बहुधा त्यांना पुण्यातच परवडत होतं.

"भाऊ," यशोदाबाई म्हणाल्या, "हे भिंत काऊन हाय इथं?"

"तिकडे हॉल आहे ना," धीरज विक्रीच्या मराठीत म्हणाला. "पाहुणे आले की स्वयंपाकघर दिसायला नको. प्रायव्हसी."

"आमचे पाव्हने रोट्या खाले येतेत. सैपाकघर नाई दिसलं तं वापस जातीन."

आतून तानबा म्हणाला, "अन् ह्या खोलीतली भिंत काढसान तं माह्ये पाय तरी हॉलमध्ये राहतीन."

"तुमी उठा बरं तिथून! लोकाच्या पलंगावर पडून राह्यले कवाचे."

"लोकाच्या कायचा? घेऊन राह्यलो न आपन. का नाई घेऊन राह्यलो?"

यशोदाबाईंनी नळ सोडून पाहिला, बंद केला, ओट्याच्या कडेवरून तळवा फिरवला. मळा तानबाचा, पण घर घेणाऱ्या त्या होत्या. वर्ध्यातल्या लग्नांच्या आणि ढाब्यांच्या रोट्यांचं काम त्यांच्याकडे येत होतं, आणि दर खेपेला कणकेची घमेली, मटकी आणि सरपण घेऊन गावाहून यायचं, लोकांच्या मांडवामागे तीन दगड मांडायचे आणि रात्री परत जायचं, याचा त्यांना कंटाळा आला होता. हे त्यांनी आल्याआल्या सांगितलं होतं. धीरजने ते ऐकलं होतं, मान हलवली होती आणि त्यांना बाथरूमचे नळ दाखवायला नेलं होतं. आता त्याला वाटलं की दुकानात चाळीस नंबरची चप्पल मागणाऱ्या माणसाला आपण खोक्याचा रंग दाखवत होतो.

"भिंत काढून द्याल का?" यशोदाबाईंनी विचारलं.

भिंत काढली तर. धीरजच्या डोक्यात जुन्या सवयीने हिशेब सुरू झाला आणि मध्येच अडखळला, कारण हिशेब उलटा निघत होता. भिंत काढली की विटा वाचतात. प्लास्टर दोन्ही बाजूंचं वाचतं, रंग वाचतो, दाराची चौकट वाचते. म्हणजे इतके दिवस घर लहान करायला तो पैसे घालत होता. एकेक भिंत विकत आणून त्याने घर छाटलं होतं. हा विचार इतका सोपा होता की त्याला घाम फुटला. मग आणखी एक काढली तर? तिसरी? सगळ्या काढल्या तर घर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठं होतं, आणि वर छप्परही नको, आणि त्याला लॉन म्हणतात. खिडकीबाहेर बापूराव आता डेकोरेशनवाल्याला नवरदेवाची वरात कुठून आत येईल ते स्वतः हळूहळू चालून दाखवत होते. मामाजींनी हा हिशेब डिप्लोमा न करता केला होता. धीरजला क्षणभर त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि आदरामागून तीच जुनी भीती आली. उद्यापासून लोक विचारतील, धीरजभाऊ, सध्या काय चालू आहे, आणि तो म्हणेल, लॉन. खुर्च्यांची कव्हरं. तो ज्यांच्या घरात भाड्याने राहत होता ते प्रभाकरराव, निवृत्त हेडमास्तर, दर महिन्याला भाडं घेताना चष्म्यावरून पाहून विचारत, "मग बिल्डरसाहेब, कुठपर्यंत आलं घर?" ते कोणाचं घर विचारत होते हे धीरजने कधी स्पष्ट करून घेतलं नव्हतं. एकदा उज्वला म्हणाली होती, "आपणच घेऊ ना यातलं एक." तो म्हणाला होता, आपल्याला परवडणार नाही. दोघंही मग बराच वेळ टीव्ही पाहत बसली होती, आणि टीव्हीवर कोणीतरी घर सजवत होतं.

"ताई," तो म्हणाला, "भिंत काढून देतो. ताबा द्यायच्या आधी काढून देतो. आज फक्त इसार..."

"पयले भिंत," यशोदाबाई म्हणाल्या. "मंग इसार."

"आज?"

"मंग काय! आमी रोटी आधी खाऊ घालतो, पैसे मंग घेतो. तुमी बी तसंच करा."

"भाव मात्र तोच राहील हं," धीरज घाईने म्हणाला. "भिंत काढली म्हणून कमी होणार नाही. भाव भिंतीसकट आहे."

"भिंतीसकट?" यशोदाबाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. "ठीक हाय."

मजूर सुट्टीवर होते. काम नसलं की त्याला सुट्टी म्हणतात. मागच्या पत्र्याच्या खोलीतून धीरजने घण आणला. तो इस्त्रीच्या शर्टात होता, खिशाला पेन होतं, आणि घण उचलताना त्याला जाणवलं की गेल्या चार वर्षांत या साइटवर त्याने स्वतः उचललेली सर्वांत जड वस्तू मोबाइल होती. तानबा अखेर पलंगावरून उठला आणि दारात येऊन उभा राहिला, कुस्ती पाहायला उभे राहतात तसा. धीरजने पहिला घाव घातला. आपली भिंत आपण कशी बांधली आहे हे माहीत असलेल्या माणसाने जपून घातलेला तो घाव होता. तरीही भिंत तिथल्या तिथे पोटाशी दुमडली. दुसऱ्या घावाला हॉल दिसू लागला. तिसरा घालावाच लागला नाही. वरचा भाग स्वतःहून समजूतदारपणे खाली आला, आणि लहान मुलांच्या सोफ्यावर राखेच्या विटांची रास पडली.

बराच वेळ धूळ खाली बसत राहिली.

"पक्कं बांधकाम हाय म्हने," तानबा म्हणाला.

"मधली भिंत चार इंचीच असते," धीरज खोकत म्हणाला. "बाहेरच्या भिंती नऊ इंची आहेत. तिकडे हे असं... म्हणजे तिकडे वेळ लागला असता."

"त्याहीले हात नका लावू आता," यशोदाबाई घाईने म्हणाल्या. "घर राहू द्या."

त्या पुढे आल्या. धुळीतच त्यांनी ओट्यापुढे उभं राहून हात पसरले, आणि धीरज आपोआप दोन पावलं मागे सरकला, नाकावर हात धरून. पण त्याला त्यांचा चेहरा पाहायला मिळाला नाही, कारण त्याच वेळी बाहेरून धावत आल्यासारखी पावलं वाजली आणि दारात बापूराव उभे राहिले. टोपी घामाने भिजलेली, हातात नारळ, मागे डेकोरेशनवाला. त्यांनी फुटलेली भिंत पाहिली, विटांची रास पाहिली, जावयाच्या हातातला घण पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"शाबास, जावई! मले वाटलं तुमी आयकतच नाई. अन् तुमी सोताच पाडाले घेतलं! मी म्हनो, जावई शिकला-सवरला मानूस, समजाले टाइम लागते."

धीरजने तोंड उघडलं, पण त्यात धूळ गेली. बापूराव थांबणाऱ्यांतले नव्हते. लॉनच्या शुभारंभासाठी गाडीत ठेवलेला नारळ त्यांनी उंबऱ्यावर आपटला. एका फटक्यात दोन सारखी शकलं झाली, पाणी उंबऱ्यावरून आत वाहिलं, आणि डेकोरेशनवाल्याने सवयीने टाळ्या वाजवल्या. यशोदाबाईंनी हे पाहिलं. त्यांच्या दृष्टीने यात न कळण्यासारखं काही नव्हतं: भिंत निघाली, मालक आला, नारळ फुटला. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, नारळाची शकलं उचलून ओट्यावर ठेवली, कमरेची पिशवी सोडून रुमालात बांधलेला इसार त्यांच्याशेजारी ठेवला आणि वाकून बापूरावांना नमस्कार केला.

"मालकाच्या हातून नारळ फुटला," त्या म्हणाल्या. "लय बरं झालं. आता घर लाभते आमाले."

"कोनतं घर?" बापूराव म्हणाले.

"हेच," तानबा म्हणाला. "आत पलंग बी हाय. तेवढा आमाले नाई पायजे."

बापूरावांनी धीरजकडे पाहिलं. धीरजने धुळीच्या मागून पाहिलं. काय झालं आहे ते मामाजींच्या चेहऱ्यावर पायरी पायरीने चढत गेलं. नारळ फोडल्यावर मागे फिरायचं नाही, हा त्यांच्या आयुष्यातला बहुधा एकमेव नियम होता, आणि त्यापायी त्यांनी एक तेलघाणी, एक बसलेला ट्रॅक्टर आणि एक भागीदार अनेक वर्षं सांभाळला होता. त्यांनी नारळाच्या शकलाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, जणू ती दोन्ही परत एकत्र बसतात का याचा अंदाज घेत होते.

"मी तं लॉनसाठी फोडला होता," ते शेवटी म्हणाले, पण आवाज लहान निघाला.

"लॉन होईनच का नाई, देव जाने," यशोदाबाई समजूत घालत म्हणाल्या. "घर तं झालं." आणि त्यांनी खोबऱ्याचा तुकडा काढून आधी त्यांच्या हातावर ठेवला. बापूरावांनी तो नाइलाजाने तोंडात टाकला आणि चावू लागले. डेकोरेशनवाल्याने छत्री मिटली. धीरज ओट्याला टेकला. त्याला मोठ्याने हसावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्याला स्पष्ट दिसत होतं की आता सगळ्या घरांसाठी घातलेल्या पायावर नवे नकाशे काढावे लागणार, वैभवला सांगावं लागणार की भिंत उचल, सरकवू नकोस, आणि वैभव विचारणार की उचलून कुठे ठेवू, सर. रेती तेवढ्याच भावाने आणावी लागणार होती. सुटका कशातूनच झाली नव्हती. फक्त उद्या कोणी विचारलं तर त्याला लॉन असं म्हणावं लागणार नव्हतं, आणि हे त्याला त्या धुळीत उभं राहून पुष्कळ वाटलं.

तानबाने मालवाहू ऑटो दारापर्यंत मागे आणला. बाजारात वांगी विकून रिकामे झालेले क्रेट त्यात होते. त्याने ते एकेक करून आत आणले आणि सोफ्यावरच्या राशीतून अखंड विटा निवडून त्यात रचू लागला.

"हे काय?" धीरज म्हणाला.

"भाव भिंतीसकट ठरला ना, भाऊ?" यशोदाबाई म्हणाल्या. "मंग भिंत आमची. तीन-चार चुली होतीन गावाकडं. फुटक्या तुमाले ठेवतो."

शब्द त्याचेच होते. धीरजने बाह्या वर केल्या आणि तोही विटा द्यायला लागला. काहींवर प्लास्टर होतं, काहींवर फिका पिवळा रंग, माहितीपत्रकातल्या बाईच्या स्वयंपाकघराचा. बापूराव खोबरं चावत पाहत उभे राहिले आणि थोड्या वेळाने, काय करावं हे न सुचून, त्यांनीही एक वीट उचलून दिली. क्रेट भरले. तानबाने मागचं फळकूट लावलं, यशोदाबाई पुढे बसल्या, गाडी दोनदा गचकून सुरू झाली, आणि उज्वला पार्कमध्ये धीरज साटोणेने बांधलेलं, विकलेलं आणि ताबा दिलेलं पहिलं बांधकाम सेलूच्या रस्त्याला लागलं.